छायाचित्राची मागची बाजू

१

मराठीत मृत व्यक्तीच्या छायाचित्राविषयी बोलू लागले की व्याकरणाची एक अडचण उभी राहते. छायाचित्रातल्या व्यक्तीला ‘तो’ म्हणावे की ‘ते’? आजोबांच्या छायाचित्रापुढे हा प्रश्न पडत नाही. वयाने आणि नात्याने ते ‘ते’च असतात. पाळण्यात गेलेल्या भावंडापुढेही तो पडत नाही. प्रश्न पडतो तो ऐन तारुण्यात गेलेल्या काकापुढे. नाते वडीलधारे आणि चेहरा पोरसवदा, अशी विसंगती त्या एका चौकटीत कायमची बंदिस्त झालेली असते. पुतण्या वाढत जातो, काकाचे वय ओलांडतो, एके दिवशी त्याच्या दुप्पट वयाचा होतो. चौकटीतला माणूस मात्र बाविसाव्या वर्षी थांबलेला असतो. जिवंत माणसांच्या जगात वयाने धाकटा काका क्वचित भेटतो. छायाचित्रांच्या जगात तो कोणत्याही घरच्या भिंतीवर भेटू शकतो.

या विसंगतीला आणखी एक पदर आहे. ‘काका’ हे नाव नव्हे, नाते आहे. आणि ते नाते पुतण्याच्या जन्माबरोबर जन्माला येते. पुतण्याच्या जन्माआधीच वारलेला माणूस हयातीत कधी ‘काका’ झालेलाच नसतो. त्या नावाने त्याला कोणी हाक मारलेली नसते, आणि कोणी मारली असती तर त्याने मागे वळून पाहिले नसते. त्याला काकापण प्राप्त होते ते मृत्यूनंतर, आणि बहुतेक वेळा छायाचित्राच्या द्वारे : कोणीतरी लहान मुलाला कडेवर घेऊन भिंतीकडे बोट दाखवते आणि म्हणते, ‘हे तुझे काका.’ आठवणीचा नेहमीचा क्रम येथे उलटा होतो. आधी माणूस, मग सहवास आणि मग स्मरण, असे न घडता स्मरण करण्याचे कर्तव्य आधी येते आणि त्या कर्तव्यासाठी माणूस नंतर घडवावा लागतो. लक्ष्मीबाई टिळकांच्या आत्मचरित्राच्या नावाने ‘स्मृतिचित्रे’ हा शब्द मराठी वाचकाच्या मनात पक्का रुजला. तेथे स्मृती आधी आहे आणि चित्र तिच्यातून निघाले आहे. न पाहिलेल्या काकाच्या बाबतीत चित्र आधी असते. स्मृती त्याच्यामागून, बरीचशी ऐकीव आणि थोडीशी रचलेली, अशी येते.

माटुंग्यातल्या एका कुटुंबात ती कशी रचली गेली, पुढे कशी मोडली आणि मोडल्यावर काय उरले, हे पाहण्यासारखे आहे.

२

ज्या इमारतीत हे कुटुंब राहत असे ती तीनमजली, १९३०च्या दशकातली. प्लेगच्या साथीनंतर, १८९८ साली, स्थापन झालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दादर-माटुंग्याची आखणी केली ती दाट वस्तीतल्या माणसांना हवा आणि उजेड मिळावा म्हणून. रुंद रस्ते, मध्ये बागा, घरांना गॅलऱ्या, अशी ती रचना. व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट १९२३ साली भायखळ्याहून येथे आली, रुइया महाविद्यालय १९३७ साली निघाले. त्यामुळे मध्यमवर्गीय घरातल्या मुलाचे सारे शिक्षण चालत जाण्याच्या अंतरात होत असे. एका रोगाच्या भयातून वसलेल्या या हवेशीर वस्तीत दुसऱ्या एका रोगाने या घराला गाठावे, हा योगायोग पुतण्याच्या लक्षात फार उशिरा आला.

काकाची म्हणून घरात एकूण चार छायाचित्रे होती. तीन काळ्या जाड कागदाच्या अल्बममध्ये, चारी कोपरे कागदी टोप्यांत खोचून बसवलेली, प्रत्येक दोन पानांमध्ये पातळ दुधी कागद. आणि चौथे भिंतीवर.

पहिले १९३४ सालचे, स्टुडिओतले. रंगवलेल्या पडद्यावर खांब आणि जिना, त्यापुढे खुर्चीत आजोबा, शेजारी नऊवारीतली आजी, बाजूला सात वर्षांचा थोरला मुलगा ताठ उभा, आणि आजीच्या मांडीवर वर्षाचे मूल. मुलाचा उजवा हात दिसत नाही. हाताच्या जागी एक पांढुरका फराटा आहे. सगळे श्वास रोखून बसलेले असताना तेवढा एक हात हलला.

दुसरे १९४२ सालचे, मुंजीचे. तुळतुळीत डोके, हातात दंड, आणि कॅमेऱ्याकडे न पाहता बाजूच्या कोणाकडे तरी पाहून दाबलेले हसू.

तिसरे १९५५च्या मे महिन्यातले, फाइव्ह गार्डन्समधले. कोणा मित्राच्या बॉक्स कॅमेऱ्याने काढलेले, बाराच्या रोलमधले एक चौकोनी चित्र. चार तरुण उभे आहेत, एक बाकावर बसला आहे. बसलेला तो काका.

आणि चौथे, भिंतीवरचे. इन्स्टिट्यूटमधल्या वर्गाच्या १९५३ सालच्या समूहचित्रातून त्याचा एकट्याचा चेहरा काढून, मोठा करून, हाताने रंग भरून घेतलेले. अशी एन्लार्जमेंट करून देणारे कारागीर तेव्हा दादर-गिरगावात बरेच होते. समूहचित्रातल्या शेजाऱ्याचा खांदा पुसून टाकणे, डोळ्यांत चमक भरणे, सदरा असेल तर कोट चढवणे, गालांवर फिकट गुलाबी हात फिरवणे हे सर्व त्या कामात धरलेले असे. या चित्रात कोट रंगवलेला आहे आणि गाल गुलाबी आहेत. डाव्या कडेला मात्र शेजाऱ्याचा खांदा पुरता पुसला गेलेला नाही. तेथे एक करडा, धुरकट डाग राहिला आहे.

अल्बममधल्या प्रत्येक छायाचित्रामागे आजोबांच्या बारीक अक्षरांत शाईने नावे आणि साल लिहिलेले आहे. थोरल्याच्या नावाआधी ‘चि.’, धाकट्याच्या नावाआधीही ‘चि.’. फाइव्ह गार्डन्समधल्या चित्रामागेसुद्धा ‘चि.’च. मराठी लेखनव्यवहारात माणसाच्या नावाआधी येणारी ही एकाक्षरी चिन्हे त्याच्या आयुष्याचे टप्पे दाखवतात. ‘चि.’ लावून तो संसारात येतो, मग ‘श्री.’ होतो आणि ‘कै.’ होऊन नामावळीतून बाहेर पडतो. या मुलाच्या नावाआधी ‘श्री.’ कधी लागलेच नाही. आणि त्याच्या मृत्यूनंतर चार वर्षे जगलेल्या आजोबांनी अल्बम उघडून ‘चि.’चे ‘कै.’ केले नाही. चिरंजीव हा शब्द तेवीस वर्षेही न जगलेल्या मुलाच्या नावावर तसाच राहिला.

३

पुतण्याचा जन्म १९५८चा. त्याला लहानपणी काकांविषयी तीन गोष्टी माहीत होत्या. ते हुशार होते, ते इंजिनिअर होणार होते, आणि ते १९५६ सालच्या जानेवारीत, शहरात संचारबंदी असताना, गेले. तिसरी गोष्ट आजी सांगे, आणि तीत काही खोटे नव्हते. मुंबई केंद्रशासित करण्याचा निर्णय १६ जानेवारी १९५६ रोजी जाहीर झाल्यानंतर शहर पेटले, गोळीबार झाले, कित्येक माणसे मेली. त्याच आठवड्यात या घरातून एक तिरडी निघाली. खांदा द्यायला नातलग पोचू शकले नाहीत. शेजारच्या मजल्यावरच्या दोघा तमिळ गृहस्थांनी खांदा दिला. आजी हे सांगताना नेहमी खांद्यापाशी थांबे. त्याच्या आधीचे ती सांगत नसे.

१९६७ सालच्या नोव्हेंबरात वर्गात गुरुजी हुतात्म्यांविषयी बोलत होते : २१ नोव्हेंबर १९५५, फ्लोरा फाउंटन, मग जानेवारीतले गोळीबार. नऊ वर्षांच्या मुलाने हात वर केला आणि म्हटले, ‘माझे काका त्याच वेळी गेले. संचारबंदीत.’ गुरुजींनी विचारले, ‘गोळीबारात?’ मुलगा काही बोलला नाही. गुरुजींनी त्या न बोलण्याचा एक अर्थ घेतला आणि वर्गाला उभे राहायला सांगितले.

ही गोष्ट त्याने संध्याकाळी घरी सांगितली. वडील वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी पान उलटले. आजी वाती वळत होती. ती वाती वळत राहिली. ‘तसे नव्हे’ असे कोणी म्हटले नाही. दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकूंनी विचारले, तेव्हा आई म्हणाली, ‘ते दिवसच तसे होते.’ मुलाच्या दृष्टीने एवढे पुरेसे होते. त्या वर्षापासून १ मे आणि २१ नोव्हेंबर या दोन दिवशी तो माटुंग्याच्या फुलबाजारातून स्वतःच्या पैशांनी हार आणून भिंतीवरच्या चौकटीला घालू लागला. गुलाबी गाल, रंगवलेला कोट, डोळ्यांतली चमक या सगळ्यांनी त्याला दुजोरा दिला. आणि डाव्या कडेचा तो धुरकट डाग? तो बंदुकीचा धूर होता. याविषयी त्याच्या मनात बारा-तेरा वर्षांचा होईपर्यंत शंका नव्हती.

छायाचित्र खोटे बोलत नाही, असे म्हणतात. अधिक नेमके म्हणायचे तर ते साक्ष देते, पण कशाची, हे सांगत नाही. सिगफ्रीड क्राकाउअर याने १९२७ साली छायाचित्रावर एक निबंध लिहिला. त्यात आजीचे तरुणपणीचे छायाचित्र पाहून हसणारी नातवंडे आहेत. त्यांना दिसतो तो जुना पोशाख, जुनी केशरचना. घरात सांगितले गेले नसते तर केवळ त्या चित्रावरून ही आजीच, हे त्यांना ओळखता आले नसते, हा त्याचा मुद्दा आहे. माटुंग्याच्या घरात याची दुसरी बाजू दिसते. ओळख पटवण्यापुरते सांगितले गेले होते. कारण सांगितले गेले नव्हते. ती रिकामी जागा गावाच्या इतिहासाने भरली. एखाद्या संहितेत पान गहाळ असावे आणि वाचकाने शेजारच्या ग्रंथातले पान तेथे बसवून सलग वाचत जावे, तसे हे झाले. पान दुसऱ्या ग्रंथाचे असले तरी त्याचा आकार आणि काळ जुळत होता.

पुरावा घरात होता; पण तो वाचता येण्याचे वय नव्हते. शस्त्राने वा अपघाताने मृत्यू आलेल्यांचे श्राद्ध पितृपक्षात चतुर्दशीला करतात. आजोबांनंतर हे सर्व वडील करीत. धाकट्या भावाचे नाव ते महालयात इतरांबरोबर घेत. चतुर्दशीला या घरात कधी काही वेगळे झाले नाही. आजी बाहेर गप्प राहिली, तरी पंचांगाशी तिने खोटेपणा केला नव्हता. माळ्यावर एक पितळी तांब्या-भांडे होते, कानाला लाल दोरा बांधलेले. ‘ते वापरायचे नाही,’ एवढेच सांगितले जाई. ते टाकायचेही नव्हते.

४

पुतण्या पुढे मराठीचा प्राध्यापक झाला. संयुक्त महाराष्ट्राच्या हुतात्म्यांची यादी त्याने छापील स्वरूपात पहिल्यांदा पाहिली ती विद्यार्थ्याला काही संदर्भ देताना. त्याने नावे दोनदा वाचली. काकाचे नाव तीत नव्हते. यादीत चूक असेल, असे त्याने स्वतःला काही काळ सांगितले. मग १९९४ साली, आजी जाऊन पंधरा वर्षे झाल्यावर आणि थोरली आत्या वारल्यावर, त्याने अल्बम वडिलांपुढे ठेवला आणि सरळ विचारले.

वडिलांनी फाइव्ह गार्डन्सचे चित्र उचलून जवळ धरले. ‘त्याला क्षय होता,’ ते म्हणाले. ‘दोन वर्षे. मागच्या गॅलरीत खाट होती. शेवटचे वर्ष इन्स्टिट्यूट सोडावी लागली.’ मग बऱ्याच वेळाने : ‘तुझ्या दोन्ही आत्यांची लग्ने व्हायची होती. तेव्हा जे लपवले ते नंतर कोणाला सांगायचे?’

या एका वाक्यात त्या काळातल्या अनेक घरांचा इतिहास आहे. क्षय हा व्यक्तीचा रोग असला तरी त्याची बदनामी कुळाची होत असे; भावाचा आजार बहिणींच्या पत्रिकेत मंगळासारखा बसे. औषध नव्हते असे नाही. स्ट्रेप्टोमायसिन १९४०च्या दशकात आले होते, आयसोनियाझिड १९५२ साली. पण महिनोन्‌महिने चालणारा तो उपचार महाग होता. आणि ज्या आजाराचे नाव शेजाऱ्यांच्या कानी जाऊ द्यायचे नाही, त्याची इंजेक्शने नियमाने घेणे अधिकच अवघड होते. ज्या वर्षी हा तरुण गेला त्याच वर्षी, १९५६ साली, मद्रासमध्ये क्षयाच्या औषधोपचारावरील संशोधनाचे केंद्र सुरू झाले. घरी राहून औषध घेणारे रुग्ण आणि सॅनेटोरियममधले रुग्ण यांची तुलना तेथे झाली. तिचे निष्कर्ष १९५९ साली प्रसिद्ध झाले. घरी उपचार घेणारेही तितकेच बरे होतात आणि त्यांच्या घरच्यांना त्यामुळे अधिक धोका संभवत नाही, असे त्यांतून दिसले. गॅलरीतली खाट आणि दोरा बांधलेला तांब्या यांविषयीचा निवाडा तीन वर्षे उशिरा आला.

वडील सांगत असताना पुतण्या छायाचित्राकडे पाहत होता. चित्र तेच होते, परंतु त्यातला अन्वय बदलत होता. मे महिना, मुंबईचा उकाडा, चौघे मित्र अर्ध्या बाह्यांच्या सदऱ्यांत. आणि बाकावरच्या तरुणाच्या गळ्यात मफलर. तो मफलर तीसेक वर्षे तेथे होता. पुतण्याने तो पाहिला होता आणि वाचला नव्हता. चौघे उभे आणि एक बसलेला, हीही केवळ रचना नव्हती; त्याला उभे राहवत नव्हते. उजव्या मुठीत काही पांढरे आहे, तो रुमाल असणार. १९३४च्या चित्रातला हातही पांढराच होता, पण तो हलल्यामुळे. येथे हात स्थिर आहे.

रोलाँ बार्थच्या १९८० सालच्या छायाचित्रविषयक पुस्तकाने अभ्यासकांना दोन संज्ञा दिल्या. सांस्कृतिक परिचयातून कळणारा आशय, ‘स्टुडियम’. आणि पाहणाऱ्याला टोचणारा तपशील, ‘पुंक्टुम’. टोचणारा हा तपशील पाहणारा चित्रात घालतो, आणि तरीही तो तेथे आधीपासूनच असतो, असे बार्थ सुचवतो. मफलर हे याचे चोख उदाहरण म्हणता येईल. पण या उदाहरणातून एक पुरवणीही निघते. टोचणे हे चित्र आणि डोळा यांच्यातच घडते असे नाही. तिसऱ्या कोणाच्या तोंडून एक शब्द यावा लागतो. ‘क्षय’ हा शब्द उच्चारला जाईपर्यंत मफलर हा मफलर होता.

बार्थच्या संदर्भात आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. तो स्वतः क्षयाचा रुग्ण होता. १९३४ साली त्याला रोगाने गाठले आणि १९४०च्या दशकातली त्याची अनेक वर्षे सॅनेटोरियममध्ये गेली. १९७५ सालच्या आत्मपर पुस्तकाच्या आरंभी त्याने जी कौटुंबिक छायाचित्रे मांडली, त्यांच्यामध्ये रुग्णालयातल्या तापमानाचा तक्ताही आहे. आईबाप, आजी-आजोबा, बालपणीचे घर आणि ताप, हे सारे त्याने एकाच अल्बमात लावले. सूझन सोंटॅगने १९७७ साली छायाचित्रणावर पुस्तक लिहिले आणि पुढच्याच वर्षी क्षय व कर्करोग यांच्याभोवती साचलेल्या रूपकांवर. तिचे वडील ती पाच वर्षांची असताना क्षयाने वारले होते. छायाचित्राच्या विचाराला या रोगाचा शेजार असावा, हे अगदीच आकस्मिक वाटत नाही. छातीचा एक्स-रे ही या रुग्णांची दुसरी प्रतिमा; तीही प्रकाश-छायेचीच, तीही एका क्षणाची, आणि तिच्यातला ‘डाग’ वाचता येणे यावर आयुष्य ठरलेले. सोंटॅगने दाखवून दिले की एकोणिसाव्या शतकातल्या युरोपीय कल्पनेने या रोगाला एक नाजूक, काव्यात्म तेज चढवले होते. माटुंग्याच्या मागच्या गॅलरीत ते तेज नव्हते. गालांची लाली होती; पण ती ताप चढल्याची, आणि नंतर रंग भरणाऱ्या कारागिराची. त्या दोन लालींमधला फरक भिंतीवरच्या चित्राने चाळीस वर्षे कोणाला कळू दिला नाही.

५

घरात त्या दिवसानंतर एक बदल झाला, तो पुतण्याला स्वतःलाच काही महिन्यांनी कळला. पत्नीशी बोलताना तो म्हणाला, ‘तो फार सहन करीत असणार.’ बोलून झाल्यावर तो थबकला. ‘ते’चे ‘तो’ कधी झाले?

त्याने याची दोन कारणे दिली. पहिले वयाचे : तो स्वतः आता छत्तीस वर्षांचा होता आणि बावीस वर्षांच्या मुलाविषयी बोलत होता. हे कारण सुसह्य होते, वत्सल होते. दुसरे कारण त्याने बराच काळ स्वतःशी कबूल केले नाही. गोळीने ‘ते गेले’ होते; खोकल्याने ‘तो गेला’. आदरार्थी बहुवचन नात्याला दिलेले नव्हते, हौतात्म्याला दिलेले होते, आणि हौतात्म्य काढून घेताच ते परत घेतले गेले. त्यात अन्याय दुहेरी होता. ज्यांनी खरोखर छातीवर गोळी घेतली त्यांच्या नावाचा मान त्याने नकळत आपल्या घरी आणला होता. आणि ज्याने गॅलरीत दोन वर्षे बहिणींच्या लग्नांसाठी आपला आजार गुप्त राहू दिला, त्याच्याकडून मान काढून घेतला होता. या दुसऱ्या मरणाला स्मारक नसते. पण ते कोणासाठीच नव्हते, असे म्हणता येणार नाही.

गेर्हार्ड रिश्टर या जर्मन चित्रकाराचे ‘ओंकल रूडी’ हे १९६५ सालचे चित्र या ठिकाणी आठवते. जर्मन ‘ओंकल’ काका आणि मामा दोघांनाही चालतो. मराठीत सांगायचे तर रूडी हा रिश्टरचा मामा. घरातल्या छायाचित्रावरून काढलेल्या या तैलचित्रात जर्मन सैन्याच्या गणवेशातला एक तरुण अधिकारी हसत उभा आहे. युद्धात, १९४४ साली, तो मारला गेला. रिश्टरने ओला रंग फरफटत नेऊन सगळे चित्र पुसट केले आहे. पुढे हे चित्र लिडिसेच्या स्मृतिसंग्रहासाठी दिले गेले. लिडिसे हे नात्सींनी १९४२ साली नष्ट केलेले झेक गाव. तेथे छायाचित्र फार जास्त सांगते. गणवेश लपवता येत नाही, आणि घरच्यांचा लाडका तरुण व अत्याचारी सैन्याचा अधिकारी हे एकाच चेहऱ्यात बघावे लागतात. माटुंग्यात छायाचित्र फार कमी सांगते. परंतु दोन्हीकडे पुढच्या पिढीपुढचे काम एकच आहे : घरातल्या चौकटीला जे सोयीचे होते त्यापलीकडे जाऊन त्या माणसाला पुन्हा पाहणे, आणि तसे पाहूनही त्याला आपला म्हणणे. रिश्टरने त्यासाठी चित्र पुसट केले. भिंतीवरच्या एन्लार्जमेंटवरचा गुलाबी रंग मात्र कोणाला पुसता येण्याजोगा नव्हता; तो आत मुरला होता.

वडील २००९ साली गेले. या चेहऱ्याला जिवंतपणी पाहिलेले, त्याचा आवाज ऐकलेले माणूस त्यांच्यानंतर एकच उरले, धाकटी आत्या, आणि तिला आता नावे आठवत नव्हती. महालयात ‘पितृव्य’ म्हणून काकाचे नाव आणि गोत्र उच्चारण्याचे काम पुतण्याकडे आले. त्या संस्कृत शब्दात ‘तो’ की ‘ते’ हा पेच नाही, मरणाचे कारणही नाही. नाते आणि नाव एवढेच तेथे पुरते. प्रश्न उरतो तो घरच्या भाषेत, स्वयंपाकघरात, मुलांशी बोलताना.

इमारत पुनर्बांधणीसाठी रिकामी करायची ठरली ती २०१८ साली. माळे उतरवले गेले. तांब्या-भांडे निघाले, लाल दोरा हात लावताच तुटला. भिंतीवरची चौकट उतरवल्यावर मागे भिंतीचा जुना, फिकट हिरवा रंग चौकोनात शिल्लक दिसला. पुतण्याने अल्बम उघडून फाइव्ह गार्डन्सचे चित्र कोपऱ्यांतून सोडवले आणि मागची बाजू वर केली. आजोबांची शाई तपकिरी झाली होती. त्याने ‘चि.’ला हात लावला नाही. त्याखाली पेन्सिलीने लिहिले : ‘कै. जानेवारी १९५६. माटुंगा, राहत्या घरी. क्षयाने.’ वाक्यात क्रियापद नव्हते. क्रियापद घातले असते तर ‘गेला’ की ‘गेले’ हे ठरवावे लागले असते, हे लिहून झाल्यावर त्याच्या लक्षात आले.

खोक्यांवर चिकटपट्ट्या लावीत असलेली त्याची मुलगी जवळ आली. ती सव्वीस वर्षांची होती, छायाचित्रातल्या तरुणापेक्षा चार वर्षांनी मोठी. इतिहास घेऊन एम.ए. झालेली. तिने त्याच्या हातातून चित्र घेतले आणि समोरची बाजू पाहिली.

‘हा बसलेला कोण?’

‘माझे काका,’ तो म्हणाला. ‘मी जन्मायच्या आधीच गेले. छप्पन्न सालच्या जानेवारीत.’

तिने वर पाहिले. ‘गोळीबारात?’

‘नाही,’ तो म्हणाला. ‘क्षयाने गेले. मागच्या गॅलरीत.’

तिने मान वळवून गॅलरीकडे पाहिले, आणि मग पुन्हा हातातल्या चित्राकडे. ‘म्हणून मफलर,’ ती म्हणाली.